चार कोपऱ्यांची चाचणी

माणसांवर विश्वास ठेवण्याचा पगार मला मिळत नाही. मी वजनमापांची निरीक्षक. एकवीस वर्षं बाजारातले काटे तपासतेय, आणि "या मॅडम, बसा, चहा सांगू?" म्हणणारा दुकानदार भेटला की चहा येईपर्यंत मी त्याच्या काट्याखाली हात घालून बघते. मेणाचा गोळा सापडतो, लोहचुंबक सापडतं, हल्ली तर नखाएवढी चिपसुद्धा सापडते. चहा मात्र मी पीत नाही.

म्हणून त्या मंगळवारी सकाळी कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉ. कुरणे मला म्हणाल्या, "बसा ना त्रिशलाताई, चहा सांगू?" तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच.

काचेपलीकडं माझी धाकटी बहीण पद्मजा पडली होती. वय सेहेचाळीस. छातीला तारा, हाताला सलाईन, आणि चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा. तिचं घर हुपरीत, माझं कोल्हापुरात, मध्ये जेमतेम पाऊण तासाचा रस्ता. तरी अकरा महिन्यांत आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली, शेजारणीनं गाडी बोलावली, आणि दवाखान्यानं तिच्या फोनमधला संकटकाळचा नंबर लावला. तो नंबर अजून माझाच होता. नवरा भरतेश विजयवाड्याला, चांदीच्या पैंजणांची बॅग घेऊन फिरतीवर. तो संध्याकाळपर्यंत पोचणार होता.

"हिला अटॅक कसा येईल?" मी म्हणाले. "साखर नाही, बीपी नाही. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. वजन कधी पंचावन्नच्या वर गेलं नाही."

"तेच तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चाळिशीची बाई, डोळ्यांखाली काळं, बोलणं तुटक. "चरबी साठून नळी तुंबली, असा हा अटॅक नाही. नळी आतून फाटलीय. आपोआप."

त्यांनी पडद्यावर पद्मजाच्या हृदयाची फिल्म लावली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीच्या भिंतीला तीन पदर असतात. सगळ्यांत आतला पदर उसवला की रक्त पदरांच्या मध्ये शिरतं, तिथं साठतं, फुगवटा येतो आणि मधली वाट दाबली जाते. पडद्यावर दिसत होतं: जाड पांढरी रेघ येते, मध्येच दोऱ्यासारखी बारीक होते, पुढं पुन्हा जाड. बहुतेक वेळा हे बायकांना होतं, तेही चाळिशी-पन्नाशीच्या, धडधाकट बायकांना. काहींच्या नळ्या जन्मतःच नाजूक असतात. कधी फार जड काही उचललं तर होतं, कधी मनाला मोठा घोर लागला तर.

"तसं काही घडलं होतं का घरात?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणाले आणि फिल्मकडं बघत राहिले.

उपाय तीन. पहिला, नळीत धातूचा स्टेंट बसवायचा, म्हणजे जाळीची बारीक नळी. तो जन्मभर राहतो. दुसरा, विरघळणारा स्टेंट. दोनेक वर्षांत तो अंगात जिरून जातो, पण फाटलेल्या नळीत तो नीट धरेलच असं नाही. तिसरा उपाय म्हणजे काहीच घालायचं नाही. औषधं, विश्रांती आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष. अशा नळ्या दीड-दोन महिन्यांत बहुतेक आपापल्या भरून येतात.

"मग घालायचंच कशाला काही?"

"बरोबर विचारलंत. वहीला प्लास्टिकचं कव्हर घालताना आत हवेचा फुगा राहतो बघा, बोटानं दाबला की पुढं सरकतो. स्टेंटनं तसंच होऊ शकतं. साठलेलं रक्त पुढं-मागं पळतं, चीर वाढते. मग एकाला तीन स्टेंट लागतात. आणि वर्षभरानं साठलेलं रक्त जिरलं की नळी मूळ मापाची होते, जाळी आत सैल पडते. सैल जाळीवर गुठळी धरते."

"म्हणजे तुम्ही काहीच घालणार नाही."

त्यांनी पडद्याचा दुसरा कोपरा उघडला. तिथं हिरव्या चौकटीत लिहिलं होतं: 'धातूचे लांब स्टेंट, तीन. आज.'

"हा निवाडा," त्या म्हणाल्या.

निवाडा हे यंत्राचं नाव. गेल्या चार वर्षांत हृदयाच्या प्रत्येक विभागात तो बसवलाय. फिल्मवरून तो पेशंटच्या हृदयाची हुबेहूब नक्कल गणितात उभी करतो, त्यात रक्त सोडतो आणि प्रत्येक उपाय दहा-दहा हजार वेळा करून बघतो. वर्षाअखेर पेशंट किती वेळा जिवंत निघाला ते मोजतो. ज्या उपायात जास्त वेळा, तो उपाय वर. नुसतं फिल्मवर भागत नाही; वय, औषधं, दवाखाना, आणखी शेकड्यानं गोष्टी तो जमेला धरतो.

"तुमचं मत काय?"

"मी असते तर थांबले असते. रक्त पुढं जातंय, दुखायचं थांबलंय. पण चार वर्षांत मी अकरा वेळा याच्या विरुद्ध गेले. आठ वेळा मी बरोबर होते. उरलेल्या तिघांची नावं मला तोंडपाठ आहेत." त्यांनी घड्याळ बघितलं. "चार वाजता टेबल ठरलंय. सही तुमच्या बहिणीची, पण ती म्हणते, अक्काला विचारा."

माझं लक्ष त्यांच्या खिशाकडं गेलं. पेन स्टेंटच्या कंपनीचं होतं. बाहेर बाकावर एक टाय लावलेला माणूस मांडीवर निळं खोकं घेऊन बसला होता, तो मी येतानाच हेरून ठेवला होता. तीन स्टेंट. एक नाही, दोन नाही, तीन! माझ्या डोक्यात सगळं चटकन जुळलं.

"डॉक्टर, मी तुमचा काटा तपासणार," मी म्हणाले.

"काय?"

"आमच्यात एक चाचणी असते. काट्याच्या पाटावर एकच वजन आधी मधोमध ठेवायचं, मग चारी कोपऱ्यांत. खरा काटा सगळीकडं तेच दाखवतो. खोट्या काट्याचा एक तरी कोपरा बोलतो. तुमच्या या निवाड्यात माझ्या बहिणीचीच फिल्म घाला आणि बाकीची एकेक गोष्ट बदला. बघू तरी ताटात पडतं ते कुणाच्या."

मला वाटलं बाई भडकतील. त्यांनी दाराबाहेरच्या त्या टायवाल्याकडं बघितलं, खिशातलं पेन काढून खणात टाकलं आणि खुर्ची पुढं ओढली. "शिकाऊ डॉक्टरांसाठी सरावाची खिडकी असते. त्यात करता येईल. मलाही बघायचंय."

पहिला कोपरा: दवाखाना बदलला. ज्याचा कुठल्या कंपनीशी संबंध नाही असा, सरकारी. उत्तर तेच, तीन धातूचे.

दुसरा कोपरा: कपाटातला साठा. धातूचे स्टेंट संपलेत, विरघळणारे भरपूर आहेत, असं घातलं. निवाडा म्हणाला, धातूचे मागवून घ्या.

तिसरा कोपरा: विमा काढून टाकला. तेच.

चौथ्याला डॉक्टरांचंच नाव काढून दुसऱ्याचं घातलं. यंत्र ढिम्म. तीन धातूचे.

काटा खरा निघाला की निरीक्षकाला बरं वाटायला हवं. मला मेलीला वाईट वाटलं. कुणीतरी चोर हवा होता आणि सापडत नव्हता.

"असं कसं होईल?" मी म्हणाले. "फिल्म बघून तुम्ही थांबा म्हणताय, तो फिल्म बघून घाला म्हणतोय. तुम्ही बघत नाही असं काहीतरी त्याला दिसतंय."

डॉ. कुरणेंनी पानं खाली सरकवली. खूप खाली. "हे एक पान आहे. ते आम्ही भरत नाही, पेशंटच्या फोनवरून आपोआप येतं. दाखल करताना परवानगी घेतात." त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. मीच वाचलं.

'घर. सोबत राहणारी व्यक्ती: पती, महिन्यातले सरासरी नऊ दिवस. अर्ध्या तासात पोचू शकणारे नातेवाईक: नाही. त्रास लपवण्याची शक्यता: जास्त (छातीत दुखू लागल्यापासून मदत मिळेपर्यंत दोन दिवस). जवळचा संपर्क: अक्का. अकरा महिन्यांत फोन शून्य, भेटी शून्य.'

निवाड्याचा हिशोब सरळ होता. काही न घालता घरी पाठवायचं, तर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात चीर पुन्हा वाढू शकते. तेव्हा शेजारी कुणी असेल तर बाई वाचते. या बाईच्या शेजारी कुणी नाही. एकटीला घरी पाठवण्यापेक्षा तीन स्टेंटचा धोका परवडला. कुणाच्या ताटात काही पडत नव्हतं.

थोबाडीत मारल्यासारखं झालं मला. कारण भरतेश महिन्यातले वीस दिवस बाहेर का असतो, हे त्या यंत्राला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

भरतेशचं हुपरीत पैंजणांचं दुकान होतं. लहानसंच, पण नाव चांगलं. अकरा महिन्यांपूर्वी आमची अचानक तपासणीची मोहीम निघाली, आणि त्या रांगेत त्याचं दुकान आलं. मी दुसऱ्या निरीक्षकाला पाठवू शकले असते. नाही पाठवलं. बहिणीचा नवरा म्हणून सोडला असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी मुद्दाम स्वतः गेले. त्याचा काटा नाजूक, वर काचेचं झाकण असलेला. माझं दोन किलोचं वजन झाकणात मावेना, म्हणून मी झाकण काढून बाजूला ठेवलं. काटा जास्त दाखवू लागला, कायद्यानं दिलेल्या मुभेपेक्षा जास्त. म्हणजे गिऱ्हाइकाला चांदी कमी जाणार. भरतेश म्हणाला, "अक्का, वर पंखा फिरतोय, वारा काट्यावर येतोय. पंखा बंद करून एकदा बघा." असली कारणं मी रोज ऐकते. मी म्हणाले, "दाजी, वारा सगळ्यांच्याच दुकानात असतो," आणि काटा जप्त केला. दुसऱ्या दिवशी पेपरात नावानिशी बातमी. चांदीच्या धंद्यात एकदा काट्याचं नाव गेलं की दुकानाची पायरी कोण चढतो? दोन महिन्यांत कुलूप लागलं. तेव्हापासून तो बॅग घेऊन गावोगाव फिरतो, जिथं त्याचं नाव कुणाला माहीत नाही तिथं.

"पाचवा कोपरा बदला," मी डॉक्टरांना म्हणाले. "चोवीस तास सोबत कुणीतरी आहे असं घाला."

त्यांनी घातलं. हिरवी चौकट क्षणभर कोरी झाली आणि मग उत्तर आलं: 'स्टेंट नको. सहा आठवडे देखरेख.'

"कोण राहणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

त्यांनी सरावाची खिडकी बंद करून खऱ्या पानावर माझं नाव घातलं. निवाड्यानं माझा फोन नंबर जुळवला, अकरा महिने चाळले आणि सांगितलं: 'नोंदवलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीचा भरवसा: कमी. सल्ल्यात बदल नाही.'

अगं बाई! आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या काट्यांवर शिक्का मारला, आणि एक यंत्र मलाच नापास करतंय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण नोंद खरी होती.

"सही पेशंटची असते, यंत्राची नाही," डॉ. कुरणे हळू आवाजात म्हणाल्या. "ती थांबू म्हणाली तर मी याच्या विरुद्ध जाईन, बाराव्यांदा. पण तुम्ही मध्येच उठून गेलात, तर चौथं नाव तिचं असेल. जा, बोला तिच्याशी. आणि तिच्या जिवाला लागेल असं काही बोलू नका."

पद्मजानं डोळे उघडले. "आलीस? नोटीस आणलीस का बरोबर?"

"पदे, गप्प बस." मी स्टूल ओढलं आणि तिला तिन्ही उपाय सांगितले, काही न लपवता. "थांबायचं तर सहा आठवडे घरात कुणीतरी चोवीस तास हवं. मी राहते."

"तू? तू तपासणी करून, शिक्का मारून निघून जाशील."

"सहा आठवडे राहते म्हटलं ना."

"आणि ते मशीन काय म्हणतंय?"

"म्हणतंय, माझा भरवसा नाही."

ती खुदकन हसली. अकरा महिन्यांनी ते हसू मी ऐकलं, आणि वरच्या पडद्यावरची हिरवी रेघ अशी उसळली की नर्सनं मान वर केली. "शहाणं आहे की गं मशीन," पद्मजा म्हणाली. मग हसू विरलं. "अक्का, एकच विचारते. तू पंखा बंद करून बघितलंस का कधी?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. डॉक्टरांनी बजावलंच होतं, आणि ती पडली होती फाटक्या नळीवर. मी हिरव्या रेघेकडं बघितलं.

"बघितलं," मी म्हणाले. "तुमच्याकडं नाही. तीन आठवड्यांनी इचलकरंजीत. तिथल्या म्हाताऱ्या सराफानं झाकण काढायच्या आधी उठून पंखा बंद केला. नवख्या पोराला शिकवावं तसं मला म्हणाला, मॅडम, वारा वरनं दाबतो. मला तिथंच कळलं."

"मग?"

"मग काही नाही. कागद पुढं गेला होता. लाज वाटली. तुझ्या दारात यायचं तोंड राहिलं नाही."

रेघ उसळली नाही. तशीच चालू राहिली, एकसारखी. पद्मजाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं.

"मला वाटायचं, अक्काला कळलंच नसेल," ती म्हणाली. "कळून गप्प बसलीस. हे जास्त लागलं बघ."

"हो."

"हो काय हो? नुसतं हो म्हणून भागतंय का?" तिनं सलाईनच्या हातानं चादरीचं टोक ओढून डोळे पुसले. "डॉक्टरांना बोलव. नको ते लोखंड. राहा तू. पण माझ्या स्वयंपाकघरात डबे उघडून बघत बसायचं नाही, सांगून ठेवते."

टायवाला माणूस निळं खोकं घेऊन चार वाजता उठून गेला. त्याच्यावर मी उगाच संशय घेतला असं अजूनही म्हणणार नाही. त्या दिवशी तो बिचारा निर्दोष होता, एवढंच.

भरतेश संध्याकाळी आला. माझ्याकडं न बघता बायकोच्या पायाशी उभा राहिला. पाच दिवसांनी आम्ही तिला हुपरीला नेलं, तेव्हाही तो माझ्याशी बोलत नव्हता. पाण्याचा तांब्या समोर ठेवायचा आणि जायचा.

पहिल्याच दिवशी मी पाहुण्यांची खोली नको म्हटलं आणि पद्मजाच्या खोलीतच गादी घातली. मग बसून साहेबांना पत्र लिहिलं: तपासणी करताना झाकण मी काढलं, पंखा चालू ठेवला, दुकानदारानं सांगूनही पुन्हा वजन केलं नाही, काटा निर्दोष होता आणि चूक माझी. चूक कळूनही दहा महिने कळवलं नाही, हेही लिहिलं. एक प्रत भरतेशच्या हातात दिली.

त्यानं उभ्या उभ्या दोनदा वाचली. "अक्का, नोकरी जाईल तुमची."

"चौकशी होईल. बघू."

त्यानं कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्या दिवशी तांब्याबरोबर चहा आला. मी प्याले.

पद्मजाच्या मनगटाला दवाखान्याची ठोके मोजणारी पट्टी होती. रोज सकाळी तिच्या फोनवर निवाड्याचा निरोप यायचा, आणि ती तो मुद्दाम मोठ्यानं वाचायची. 'सोबत: त्रिशला मगदूम. भरवसा: शंभरात बारा.' तिसऱ्या दिवशी चौदा. "अगं वाढला की दोननं! पेढे वाटू या," ती म्हणायची. माझं डोकं भणाणायचं. इथं बसून मी तिच्या वेण्या घालतेय, पथ्याचं करतेय, बादलीसुद्धा उचलू देत नाहीये, आणि ते मेलं मला बारा नि चौदा देतंय. एकदा मी त्याला फोनवर चांगलं खडसावलंसुद्धा. त्यानं आभार मानले.

घरी आल्याच्या नवव्या दिवशी सकाळी अकराला आम्ही मटार सोलत बसलो होतो. पद्मजा आपल्या शेजारणीच्या सुनेची गंमत सांगत होती. सांगता सांगता तिनं एक शेंग उघडली आणि दाणे न काढता तशीच हातात धरली. गोष्ट चालूच होती. डाव्या हाताचा अंगठा परातीच्या कडेवर पांढरा पडला होता.

"दुखतंय?" मी विचारलं.

"छे गं. पोह्यांनी जळजळतंय जरा."

मनगटाची पट्टी गप्प होती. निवाडाही गप्प होता. पण एकवीस वर्षं मी 'छे हो मॅडम' ऐकत आलेय. ते म्हणताना माणूस कुठं बघतो, हे मला पक्कं माहीत आहे. पद्मजा मटारांकडं बघत होती.

"खरं सांग."

"उगाच संशय घेऊ नकोस बाई, तुझी खोडच आहे ती."

"आहे! दाजी, गाडी काढा!"

तिनं रस्ताभर मला बोल लावले, अर्ध्या वाटेत आवाज बंद झाला आणि घाम सुटला. मी तिचं डोकं मांडीवर धरून सारखी एकच गोष्ट म्हणत होते, पदे, बोलत राहा, शिव्या दे मला. माझी पाचावर धारण बसली होती. राहते म्हणून मीच हट्ट धरला होता. ही गेली तर यंत्र बरोबर ठरणार होतं आणि मी उरणार होते.

सदतीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. चीर किंचित वाढली होती, पण वाट बंद झाली नव्हती. डॉ. कुरणेंनी नळी पुन्हा बघितली, औषध बदललं, निवाडा विचारला. नऊ दिवसांची माझी हजेरी जमेला धरून या खेपेला तोही म्हणाला: 'स्टेंट नको. थांबा.' तीन दिवस ठेवून घेतलं आणि पुन्हा घरी सोडलं. जाताना डॉक्टर मला दारात म्हणाल्या, "पट्टीवर नोंद उमटली, तेव्हा तुम्ही निम्म्या वाटेत होतात. तुम्हाला आधी कसं कळलं?"

"माझी खोड आहे ती," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मजानं फोन वाचला आणि काही न बोलता पडदा माझ्यासमोर धरला. भरवसा: शंभरात अठ्ठावन्न.

सहा आठवड्यांनी नवी फिल्म काढली. पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी जाड होती. कुठं फाटलं होतं ते डॉक्टरांना बोटानं दाखवावं लागलं. नळीत लोखंडाचा कणही नव्हता. मी तिथंच रडले, भरतेश समोर असताना. पद्मजानं तिच्याच रुमालानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "आता ही आजारी पडते की काय."

शेवटचा निरोप त्याच दिवशी आला: 'देखरेख पूर्ण. पुढील तपासणी सहा महिन्यांनी. तोवर संकटकाळचा संपर्क कोण?' तिनं मला न विचारता माझं नाव दाबलं. या खेपेला निवाड्यानं काही शंका काढली नाही. मीच मनात म्हटलं, बघ हो, आणखी सहा महिने आहेत.

खात्यानं भरतेशचा काटा परत केला. माझी चौकशी लागली होती, म्हणून शिक्का मारायला दुसरा निरीक्षक येणार होता. पण दुकान उघडायच्या सकाळी पद्मजा म्हणाली, आधी अक्का बघेल. भरतेशनं फळ्या काढल्या, काटा गल्ल्यावर ठेवला. आजूबाजूचे चारपाच दुकानदार आपापल्या पायरीवर येऊन उभे राहिले. बातमी वाचलेलेच सगळे. वर पंखा फिरत होता. भरतेशचा हात आपोआप बटणाकडं गेला.

"असू दे चालू, दाजी," मी म्हणाले.

दोनशे ग्रॅमचं वजन मी पाटावर ठेवलं, मधोमध, मग चारी कोपऱ्यांत. दर खेपेला काचेचं झाकण नीट बसवलं. आकडे लागत गेले: दोनशे, दोनशे, दोनशे. मग मी सगळ्यांना दिसेल असं झाकण काढून हातात घेतलं. आकडे थरथरले आणि वर सरकले. दोनशेवर चार, दोनशेवर सहा.

"हे बघून घ्या," मी पायऱ्यांवरच्या लोकांकडं तोंड करून म्हणाले. "काटा तेव्हाही हाच होता. झाकण मी काढलं होतं. हे मला सांगत होते आणि मी ऐकलं नाही."

भरतेश गल्ल्याच्या फळीवरून हात फिरवत राहिला. आत खुर्चीवर बसलेली पद्मजा माझ्याकडं बघत होती. तिच्या गालांवर रंग परत आला होता.

"अक्का," ती म्हणाली, "घाल आता झाकण. वारा लागतोय त्याला."

मी दोन्ही हातांनी झाकण घातलं. आकडा खाली येऊन दोनशेवर थांबला.